पुडीवरचं नाव

चि. रेवा आणि चि. इरा,

इरा, मी दवाखान्यात असताना तू माझ्या खाटेजवळ उभी राहून एक प्रश्न विचारला होतास. "आजी, तू रोज जी गोळी खात होतीस, तिचं नाव तुला माहीत कसं नाही? तू तर घरातल्या सगळ्या डब्यांवर लेबलं लावतेस." मी डोकं दुखतंय असं सांगून डोळे मिटले. डोकं दुखत नव्हतं. उत्तर नव्हतं.

आता मला वरवट बकालला परत येऊन आठ महिने झाले आहेत. शेवटची रक्ततपासणी बरी आली. तेव्हा लिहायला हरकत नाही. तुमच्या शाळेत अशी बरीच मुलं असतील ज्यांचे आजी-आजोबा गावाकडे असतात आणि उन्हाळ्यात तीन महिने तिकडे येतात. त्यांनाही हे वाचून दाखवा. मराठी अडलं तर आईला विचारा, पण आधी स्वतः प्रयत्न करा.

प्रल्हादचा दवाखाना

तुम्ही लहान असताना तो पाहिला आहे, पण आठवत नसेल. बाहेर ओटा, आत एक बाकडं, मग पडदा आणि पडद्याआड डॉक्टर प्रल्हाद. तो माझा विद्यार्थी. दहावीला इंग्रजीत दोनदा गटांगळ्या खाल्ल्यावर मी त्याला घरी बसवून शिकवलं होतं. मला तपासण्याआधी तो आजही वाकून पाया पडतो आणि मगच स्टेथोस्कोप कानात घालतो.

तिथे अपॉइंटमेंट नसते. आपण जायचं, बाकड्यावर बसायचं, शेजारणीचं दुखणं ऐकायचं आणि आपलं सांगायचं. आत एका वेळी तिघं असतात. एक स्टुलावर, एक सुई घ्यायला खाटेवर, तिसरा पडदा धरून उभा. स्टुलावरच्याचा खोकला प्रल्हाद तपासत असतो तेव्हा पडदा धरलेला मधेच सांगतो, "डाक्टरसाहेब, याले बिड्या सोडाले सांगा, घरी ऐकत नाई." पाच मिनिटांत माणूस बाहेर येतो. सोबत एक सुई आणि कंपाउंडरने बांधून दिलेल्या पुड्या. सुई न देणाऱ्या डॉक्टरकडे आमच्याकडे कुणी दुसऱ्यांदा जात नाही.

पुडी म्हणजे तळहाताएवढ्या कागदाचा चौकोन, त्यात सुट्या गोळ्या. औषधकंपन्या डॉक्टरांना जी गुळगुळीत जाहिरातपत्रकं देतात, तीच कापून कंपाउंडर पुड्या बांधतो. कागद वाया जात नाही. मला ते पटायचं.

तीन वर्षांपूर्वी माझे खांदे आणि बोटं धरली. सकाळी वेणी घालता येईना. प्रल्हादने पुड्या दिल्या. एक गुलाबी, अर्धी पिवळी आणि मसुराच्या डाळीएवढी एक पांढरी. चौथ्या दिवशी मी हात वर करून माळ्यावरचा डबा काढला. महिना झाला की कमल नव्या पुड्या आणायची. कमल म्हणजे आपल्याकडे वीस वर्षं कामाला असलेली कमलबाई. तिच्या गुडघ्यांसाठीही पुड्या असायच्या, त्यामुळे एकाच फेरीत दोघींचं काम व्हायचं.

वर्षभरात माझा चेहरा भरला. गाल वर आले. जो भेटेल तो म्हणायचा, "मॅडम, तब्येत चांगली सुधरली तुमची." मलाही आनंद झाला. तुमचे आजोबा गेल्यापासून मी वाळत चालले होते, आता अन्न अंगी लागतंय असं वाटलं. हातावर काळेनिळे डाग पडायचे, ते म्हातारपणाचे समजले.

दोन वर्षं मी त्या गोळ्या घेतल्या. नाव एकदाही विचारलं नाही.

बॅग

तुमच्याकडे यायचं ठरलं आणि सामान बांधण्याआधी तुमच्या बाबांचा फोन आला. "आई, लोणच्याला दोन पिशव्या लाव. आणि सुट्या गोळ्या आणू नकोस. नाव नसलेलं औषध विमानतळावर पकडलं तर तासभर चौकशी होईल. फक्त चिठ्ठी असलेलीच औषधं आण."

निखिलचं म्हणणं बरोबर होतं. मी जन्मभर शाळेतल्या मुलांना नियम पाळायला शिकवलं. ब्लडप्रेशरच्या गोळ्यांच्या पट्ट्या, त्यांची चिठ्ठी आणि चिठ्ठीची झेरॉक्स अशी प्लास्टिकची फाइल केली. पुड्या कपाटातल्या वरच्या कप्प्यात ठेवल्या. हात आता दुखत नव्हते, मग गोळ्या कशाला, असंही वाटलं. कमल म्हणाली, "बाई, डाक्टरले विचारून तं घ्या." मी म्हटलं, तीन महिन्यांचाच प्रश्न आहे.

तिने सांगितलं होतं. हे नोंदवून ठेवते.

तिसरा आठवडा

तुमच्या गावी, आइंडहोव्हनला, पहिले दहा दिवस चांगले गेले. रेवा, तू मला लायब्ररीत नेलंस. इरा, तू सायकलवरून पडून दाखवलंस. मग मला थकवा येऊ लागला. तो चालून आलेला थकवा नव्हता. आंघोळीहून आल्यावर केस पुसायला हात उचलवत नव्हता. जेवणावरची वासना गेली. उठलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. खांदे पुन्हा धरले. तुमच्या आईला, मृणालला वाटलं, मला करमत नाही. तिने तीन दिवस मराठी मालिका लावून ठेवल्या. तिचा हेतू चांगला होता.

शेवटी निखिलने डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलं, आणि तिथे काय चालतं ते मी पहिल्यांदा पाहिलं. सकाळी आठ वाजता फोन. पलीकडे डॉक्टर नाही, सहायिका. ती सविस्तर विचारणार, किती दिवसांपासून, ताप आहे का, श्वास लागतो का, आणि मग ठरवणार की तुम्हाला डॉक्टरांची गरज आहे की नाही. निखिल फोन ठेवून म्हणाला, "परवा सकाळी दहा वीस. दहा मिनिटं मिळाली." तुमच्या गावात वेळ मिळते, आमच्या गावात डॉक्टर मिळतो, असं मला तेव्हा वाटलं. पुढे हे मत बदललं.

तिथल्या खोलीत माणसं होती, पण कुणी कुणाशी बोलत नव्हतं. समोर बसलेल्या बाईला काय झालंय हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. सहायिकेने माझ्या पासपोर्टची प्रत काढून घेतली, कारण मी पाहुणी. मग डॉक्टर स्वतः बाहेर आली, माझं नाव वाचलं, हात मिळवला आणि म्हणाली, "मी अनेके." पांढरा कोट नव्हता. जीन्स होती. आत गेल्यावर दार लावून घेतलं. खोलीत मी, निखिल आणि ती. पडदा धरायला कुणी नाही.

तिने विचारलं, "तुम्हाला स्वतःला काय झालं असावं असं वाटतं?"

मी निखिलकडे पाहिलं. आम्हाला कळलं असतं तर आलो कशाला असतो? प्रल्हादने असा प्रश्न विचारला असता तर दुसऱ्या दिवशी दवाखाना ओस पडला असता.

"कोणती औषधं घेता?"

मी फाइल काढली. ब्लडप्रेशरची पट्टी, चिठ्ठी, झेरॉक्स. ती प्रसन्न झाली. असे रोगी फार थोडे भेटतात, म्हणाली.

"आणखी काही? जीवनसत्त्वं, जडीबुटी, घरगुती काही?"

"काही नाही," मी म्हणाले.

इरा, इथे नीट वाच. मी खोटं बोलत नव्हते. पुड्या बंद होऊन तीन आठवडे झाले होते. आणि पुड्या माझ्या लेखी औषध नव्हत्याच. औषध म्हणजे ज्याला नाव असतं, पट्टी असते, तारीख असते. पुडी ही प्रल्हादने दिलेली वस्तू होती. आपल्या माणसाने हातावर ठेवलेला प्रसाद आपण खातो, त्यात काय घातलंय ते विचारत नाही.

ब्लडप्रेशर फार उतरलं होतं. तिने ती गोळी थांबवली, रक्त तपासायला सांगितलं, पाणी प्या, दुखलं तर पॅरासिटामॉल घ्या, दोन दिवसांनी फोन करते म्हणाली.

गाडीत निखिलचा पारा चढला. "झालं! पॅरासिटामॉल! इथे माणूस मेला तरी आधी पॅरासिटामॉल देतील. प्रल्हाददादाने एक सलाइन लावून उठवून बसवलं असतं."

बाहेर गाडीतच थांबलेली मृणाल शांतपणे म्हणाली, "मग प्रल्हाददादालाच विचार की फोन करून."

"काय विचारू?"

सगळ्यात हुशार वाक्य बोलून मृणालने गाडीची काच वर केली.

गोल चेहरा

रेवा, तुला सर्दी झाली, मग मला झाली. तुला त्याबद्दल वाईट वाटून घ्यायचं काहीच कारण नाही, म्हणून हे दोनदा लिहिते. तुझं काही चुकलं नाही. तुझी तीन दिवसांत गेली. डॉक्टरांचा फोन यायच्या आधीच मला ताप आला, उलट्या सुरू झाल्या आणि शुक्रवारी सकाळी मी न्हाणीघरात पडले. फरशी गार होती एवढं आठवतं. मृणाल माझ्या गालावर चापट्या मारत होती आणि मला आई म्हणत होती. एरवी ती मला "अहो आई" म्हणते.

निखिलने या वेळी अपॉइंटमेंट मागितली नाही. त्या दवाखान्यात तातडीसाठी वेगळी फोनलाइन असते, हे तेव्हा कळलं. वीस मिनिटांत अनेके घरी आली, दोन माणसं वाट पाहत होती ती तशीच सोडून. सायकलवर आली नव्हती, गाडीने आली. तुम्ही तिच्या बॅगेत काय आहे ते दारातून पाहत होतात.

तिने नाडी पाहिली, बाह्या वर करून हातावरचे डाग पाहिले. मग एक विचित्र गोष्ट केली. पिशवीतून माझ्या पासपोर्टची ती प्रत काढली आणि माझ्या तोंडाशेजारी धरली.

"हा फोटो कधीचा?"

"गेल्या वर्षीचा," निखिल म्हणाला.

"याच्या आधीचा एखादा आहे?"

निखिलने फोनमध्ये शोधून तुमच्या आजोबांच्या वर्षश्राद्धाचा फोटो काढला. त्यात मी हडकुळी. पासपोर्टवर पौर्णिमेचा चंद्र. आणि खाटेवर पुन्हा अर्धी उतरलेली.

"या दोन फोटोंच्या मधे काय झालं?" तिने विचारलं.

माझी जीभ जड होती. मी इंग्रजीत म्हणाले, "तब्येत सुधारली."

ती हसली नाही. माझ्याजवळ वाकून हळू विचारलं, "सुधारायला कुणी काही दिलं होतं का? सांध्यांसाठी? लहान, पांढरी?"

मी हो म्हणाले.

निखिल भिंतीला टेकला. "मीच नको म्हटलं," तो म्हणाला. "मीच म्हटलं सुट्या गोळ्या आणू नकोस."

अनेकेने मला जागेवरच सुई दिली. इतक्या दिवसांत त्या देशात मिळालेली ती पहिली सुई. आमच्या बाकड्यावरच्या बायकांनी पसंत केलं असतं.

फोटो

शरीर रोज स्वतःसाठी एक रस तयार करतं. तोच बाहेरून गोळीने मिळत राहिला की शरीर तयार करणं सोडून देतं. मग गोळी एकदम थांबली की माणूस रिकामा पडतो, आणि त्यात ताप आला तर जिवावर बेततं. अनेकेने मला लगेच मोठ्या दवाखान्यात पाठवलं, तिथे हे असं समजावलं आणि एवढं पुरे आहे. पण त्यांना गोळीचं नाव आणि ताकद हवी होती.

निखिलने कमलला फोन लावला. तिकडे दुपार होती. तिने कपाट उघडलं, शेजारच्या पोरीकडून फोटो काढवून पाठवला. पुडीच्या कागदावर हसरं बाळ होतं आणि खाली ठळक अक्षरात कॅल्शियमच्या टॉनिकचं नाव. दवाखान्यातली तरुण डॉक्टर म्हणाली, "म्हणजे कॅल्शियम?" निखिलने तिला समजावलं की कागदाचा आणि आतल्या मालाचा काही संबंध नाही. तिने तीनदा विचारलं. तिला इंग्रजी येत होतं, तरीही ते समजेना.

मग प्रल्हादला फोन. निखिलने स्पीकर लावला. मी पडून ऐकत होते.

"प्रल्हाददादा, आईच्या पुडीत काय होतं?"

"काऊन रे, काय झालं? मॅडम बऱ्या आहेत नं?"

"ती दवाखान्यात आहे. पांढरी गोळी कशाची होती?"

पलीकडे बाकड्यावरची बडबड ऐकू येत होती, कुणी खोकत होतं. मग ती बंद झाली. बहुधा तो उठून मागच्या खोलीत गेला असावा.

"प्रेडनिसोलोन. स्टेरॉइड आहे," तो म्हणाला. त्याने ताकदही सांगितली. "मॅडमनी बंद केली काय? एकदम? निखिल, मी कमलला म्हटलं होतं की खंड पडू देऊ नको. मले वाटलं सोबत नेल्या."

"तुम्ही आईला सांगितलं का नाही?"

"त्यांनी विचारलं नाही," प्रल्हाद म्हणाला. मग म्हणाला, "मी सांगायला पाह्यजे होतं."

निखिलला त्याच्यावर ओरडायचं होतं. मी हाताने खूण केली, फोन बंद कर. मी प्रल्हादच्या बाजूने नव्हते. पण तुमच्या आजोबांच्या शेवटच्या महिन्यात तो रोज न बोलावता येत असे, चहा न घेता जात असे, आणि त्याच्यावर माझ्या देखत कुणी ओरडलेलं मला चाललं नसतं.

सहा दिवस

सकाळी सातला रक्त. साडेसातला पाव, चीज आणि जाम. दुपारी पाव, चीज आणि ताक. पहिल्या दिवशी मला वाटलं जेवण अजून यायचंय. जोहाना नावाची एक परिचारिका माझ्याएवढी उंच, पण तिप्पट ताकदीची. ती प्रत्येक गोळी हातात देताना नाव मोठ्याने सांगायची, कशासाठी ते सांगायची आणि मला परत म्हणायला लावायची. शाळेतली पाढ्यांची पद्धत. मला आधी राग आला. सत्तरी ओलांडलेल्या मुख्याध्यापिकेकडून हायड्रोकॉर्टिसोन वदवून घ्यायचं? तिसऱ्या दिवशी ती विसरली तेव्हा मीच म्हणून दाखवलं.

भीती वाटली का, असं मृणालने विचारलं. न्हाणीघरात नाही वाटली, तेव्हा वेळच नव्हता. चौथ्या दिवशी वाटली. खिडकीतून खाली सायकलींची रांग दिसत होती आणि मला कमलची आठवण आली. ती माझ्या कपाटातून पुडी काढत होती तेव्हा तिच्या स्वतःच्या पुडीत काय असेल?

मी तिला फोन केला. "कमल, तुझ्या पुडीत लहान पांढरी गोळी आहे?"

"हाव नं बाई. त्यानंच तं चालता येते मले. पण तुमच्यावाली गोळी खराब निघाली म्हणते निखिलभाऊ. मी आजपासून टाकून देतो मग."

"नाही!" मी इतक्या जोरात म्हणाले की जोहाना धावत आली. "टाकू नकोस. एकही दिवस चुकवू नकोस. मी येईपर्यंत रोज घे."

"आता का करू बाई? तुम्हीच म्हणता खराब, तुम्हीच म्हणता घे."

तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. उरलेले आठ आठवडे मी दर दोन दिवसांनी तिला फोन करून गोळी घेतली का विचारत होते. तुमच्या बाबांना वाटायचं मी कुंड्यांना पाणी घातलं का विचारतेय.

परत बाकड्यावर

परतल्यावर तिसऱ्या दिवशी मी कमलला घेऊन प्रल्हादकडे गेले. सोबत अनेकेचं पत्र होतं. निघण्याआधी मी तिला भेटले तेव्हा विचारलं होतं, त्याची तक्रार करू का? ती म्हणाली, ते मी ठरवू शकत नाही. पण त्याच्याकडे असे आणखी किती जण आहेत, ते त्यालाच माहीत असेल. दहा मिनिटं संपली होती, तरी तिने मला दारापर्यंत पोचवलं.

मला प्रल्हादशी बंद दाराआड बोलायचं होतं. तिकडून हीच एक चैन शिकून आले होते. पण आत नेहमीसारखी गर्दी. स्टुलावर मी, खाटेवर एक म्हातारे गृहस्थ सुईसाठी पालथे, पडदा धरून कमल, तिच्या मागे बाकडं भरलेलं. बाहेर जा म्हटलं असतं तर कुणाला अर्थच कळला नसता.

म्हणून मी इंग्रजीत सुरुवात केली. इंग्रजी हाच माझा पडदा. त्यानेही तसंच, अडखळत उत्तर दिलं. मी म्हणाले, तू किती जणांना ही गोळी देतोस? तो म्हणाला, बऱ्याच जणांना. मी म्हणाले, त्यांना माहीत आहे? त्याने मान खाली घातली. दहावीला निबंध न लिहिता आल्यावर तो अशीच घालायचा.

मग तो मराठीत आला. "मॅडम, सकाळी सातला एक बाई येते, गुडघा सुजलेला. तिला त्याच दिवशी निंदायला जायचं असतं. तिला सांगू का, आराम करा, दोन आठवड्यांनी या? ती समोरच्या डॉक्टरकडे जाते. तिकडे डॉक्टर थांबा म्हणू शकतात, कारण तिकडे थांबता येतं."

हे खरं होतं. मी तसं म्हणालेही. मग म्हणाले, "पण नाव लिहायला काय लागतं? आणि एकदम सोडू नका, एवढं सांगायला?"

तेवढ्यात पडद्यातून कमल म्हणाली, "बाई, मंघापासून इंग्रजीत काऊन बोलून राह्यल्या? माह्यं काही आहे काय त्यात?"

बाकड्यावरच्या बायकांनी माना वर केल्या. खाटेवरचे म्हातारेही मान वळवून पाहू लागले. "आमचं बी आहे का?" कुणीतरी मागून म्हणालं.

त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगते. मी चुकीचा शब्द वापरला असता, गोळी वाईट आहे एवढंच म्हटलं असतं, तर संध्याकाळपर्यंत ते अर्ध्या गावात गेलं असतं आणि पन्नास बायकांनी पुड्या उकिरड्यावर फेकल्या असत्या. आणि मग माझ्यासारख्या न्हाणीघरात पडल्या असत्या. तिथे त्यांना पासपोर्टच्या फोटोवरून कुणी ओळखलं नसतं. गप्प बसले असते तर सगळं होतं तसंच राहिलं असतं. मी प्रल्हादकडे पाहिलं. हे त्याने सांगायचं होतं. मी स्टूल सरकवून बाजूला झाले.

तो उठला. पडदा पूर्ण बाजूला केला, बाकड्याला ऐकू जाईल असा.

"ऐकता काय सगळे? ज्यायले ज्यायले माह्याकडून लहान पांढरी गोळी चालू आहे, त्यायनं थे एकदम बंद करू नका. कोणी काहीही सांगितलं तरी. एक दिवसही नाई. बंद कराची आहे, पण मी सांगीन तशी, हळूहळू. अर्धी, मंग पाव. मॅडमनी एकदम बंद केली आन् मरता मरता वाचल्या. चूक माही होती, मी त्यायले सांगितलं नव्हतं."

एक म्हातारी म्हणाली, "मंग दिली काऊन?"

"तुले चालता येत नव्हतं म्हणून दिली मावशी. आन् तू सोडत नव्हती मले."

लोक हसले. खाटेवरचे म्हातारे म्हणाले, "अहो, माही सुई तं द्या, मी कवाचा उघडा पडलो." पुन्हा हसले. प्रल्हादने सुई दिली. मग टेबलावरून पेन घेतलं, कंपाउंडरच्या हातातली कमलची पुडी घेतली आणि त्यावर, हसऱ्या बाळाच्या गालावर, मराठीत गोळीचं नाव लिहिलं. अक्षर दहावीतही वाईट होतं, आताही आहे. मी त्याला पुन्हा लिहायला लावलं.

उत्तर

आता मी खामगावच्या एका डॉक्टरांकडे दर तीन महिन्यांनी जाते. माझी गोळी कमी होत आली आहे, पर्समध्ये एक कार्ड असतं, त्यावर काय झालं तर काय द्यायचं ते मराठीत आणि इंग्रजीत लिहिलेलं. प्रल्हादच्या पुड्या अजून त्याच कागदांच्या असतात. पांढऱ्या गोळीच्या पुडीवर तो नाव लिहितो. गर्दी असली की राहून जातं. मग बाकड्यावरच्या बायका पडद्यातून पुडी परत आत देतात.

कोणता देश बरा, असं निखिल विचारतो. मला त्यात रस नाही. तिकडे मला कुणीतरी दार लावून नीट पाहिलं. इकडे माझ्या दारावर माणूस न बोलावता येतो. मी दोन्हीकडे एकच चूक केली. तिकडे विचारल्यावर सांगितलं नाही आणि इकडे सांगत नव्हते तेव्हा विचारलं नाही.

इरा, हे तुझं उत्तर. डब्याला लेबल मी लावते कारण डबा मी भरते. पुडी भरणारा माझा होता, म्हणून नाव विचारणं मला अविश्वासासारखं वाटलं. ते अविश्वासाचं नव्हतं, साधं कामाचं होतं.

कमलचीही गोळी अर्ध्यावर आली आहे. गुडघे दुखतात, ती कुरकुरते, पण चुकवत नाही. सकाळी चहानंतर आम्ही दोघी ओट्यावर बसतो. जोहानाने लावलेली सवय मी तिलाही लावली. गोळी हातात घ्यायची, नाव म्हणायचं, मग तोंडात टाकायची. काल मी बोलण्याच्या नादात नुसतीच गिळायला निघाले, तर तिने माझा हात धरला.

"नाव, बाई."

मी "हायड्रोकॉर्टिसोन" म्हटलं. तिने मग स्वतःचं, "प्रेडनिसोलोन" म्हटलं, पाण्याचा घोट घेतला आणि हसली.

"तुमचं लय लंबं आहे. माह्यं सोपं आहे."

तुमची,
आजी